अंगणातला गिअरबॉक्स

परवा धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या अलीकडे एका घरासमोर ट्रक उभा. चेसिसखालून दोन पाय बाहेर, बायको टॉर्च धरून. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, क्रॉस गेलाय."

खान्देशात हे दृश्य जुनं आहे. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड, म्हणजे जुने ३ आणि ६ नंबरचे महामार्ग, धुळ्यात एकमेकांना छेदतात. आणि कुठेही निघा, घाट आहेच: लळिंग, बिजासन, कोंडाईबारी, आणि पूर्वी चाळीसगावकडून कन्नडही. भरलेली गाडी घाटात चढली की क्लच प्लेट जळते, क्रॉस झिजतो, क्राऊन-पिनियन रडायला लागतं. रावेर-यावलची केळी गाडीत असेल तर गॅरेजवाल्याच्या तारखेची वाट कोण बघणार? एकच गाडी, तीही हप्त्यावरची. म्हणून मालकच मिस्त्री झाला.

हे जमलं, त्याचं एक कारण गाडीतच होतं. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझसोबत जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ ला करार संपला, नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला, पण सांगाडा पुढे बरीच वर्षं फारसा बदलला नाही. बापाने शिकलेलं पोराला कामी आलं.

दुसरं कारण मागच्या एक्सलचं. ट्रकचं वजन हाऊसिंग पेलतं, एक्सल फक्त चाक फिरवतो. त्यामुळे हबचे नट खोलले की चाक जमिनीवर असतानाच एक्सल ओढून काढता येतो. क्रॉस बदलताना खोलण्याआधी शाफ्टवर छिन्नीने खूण करायची, नाहीतर उलटसुलट बसतो आणि गाडी थरथरते. खरा घाम काढतो तो क्लच. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आमच्या गल्लीत त्यासाठी कडुनिंबाची फांदी आणि चेनपुली होती. फांदी अजून आहे, चेनपुली कोणी नेली कोण जाणे!

आता लोक म्हणतात, बीएस-६ आलं, घरची दुरुस्ती संपली. १ एप्रिल २०२० नंतरच्या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो, खरंय. पण क्लचच्या मागे अजूनही बहुतेक लोखंड आणि ग्रीसच आहे. संपली नाही ती या कामाची जोखीम. महामार्ग चौपदरी झाले, टोल वाढले. एक-गाडीवाल्याला पक्क्या फरशीवर, उजेडात गाडी खोलता येईल अशी जागा मात्र कोणाच्या आराखड्यात दिसत नाही. आमदार-खासदारांना विचारा एकदा.

कारण शाफ्ट किंवा एक्सल निघाला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही मोकळी होते. इंजिन तिला धरत नाही. उतारावर ती सरकते, आणि खाली माणूस असतो.

त्या ट्रकच्या एकाच चाकाला दगड लावलेला होता. मी बांधावरून दोन मोठे आणून दुसऱ्या बाजूला ठोकले. तो खालूनच म्हणाला, "हँडब्रेक ओढलाय ना भाऊ." मी म्हटलं, "असू दे."