एअर रायफलचा नेम चुकतोय? साइटचा स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

१९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा छंद उरला नाही. आता मुंबईत कोणी 'रायफलचा नेम बसत नाही' म्हणालं, तर बहुतेक वेळा ती १० मीटर स्पर्धेची एअर रायफल असते. अंधेरीहून लोकलने वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्या नव्या नेमबाजाचीही हीच तक्रार असते: काल दहा-दहा पडत होते, आज आठ का पडतायत?

अशा वेळी हात आधी साइटच्या स्क्रूकडे जातो. पण दोष दुसरीकडे असेल, तर साइट फिरवल्याने तो झाकला जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वर येतो. म्हणून क्रम पाळा: आधी छर्रे कुठे पडले ते वाचा, मग रायफल आणि नेमबाज वेगळे करा, आणि शेवटी एका वेळी एकच गोष्ट बदला.

थोडा फरक एवढा महाग का पडतो?

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो आणि छर्रा ४.५ मिमीचा. दशांश गुणांत छर्रा केंद्रापासून दर ०.२५ मिमी सरकला की ०.१ गुण जातो. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ७० सेंमी अंतर धरा. मागची साइट ०.१ मिमी हलली, तर छर्रा टार्गेटवर सुमारे १.४ मिमी सरकतो, म्हणजे १०.९ च्या जागी १०.४. साठ शॉटमध्ये असे ३० गुण जातात. अंतिम फेरीचा निकाल तर कधी कधी दशांशावर लागतो.

पायरी १: ग्रुप वाचा

एकाच नेमावर १० शॉट मारा. मध्ये साइटला हात लावू नका. मग छिद्रांचा आकार बघा.

• घट्ट ग्रुप, पण केंद्रापासून बाजूला: रायफल आणि छर्रे ठीक आहेत. साइट सरकली आहे किंवा तुमची उभं राहण्याची दिशा बदलली आहे.
• वर-खाली लांबट: श्वासाची वेळ, खांद्यावर बटची उंची किंवा हवेचा दाब.
• आडवा पसरलेला: शरीराचा झोल, ट्रिगर बाजूला ढकलणं किंवा नैसर्गिक नेम नीट न जुळणं.
• दोन वेगळे ग्रुप: काहीतरी सैल आहे आणि दोन जागांमध्ये हलतंय. साइट, गालाचा आधार किंवा बटप्लेट तपासा.
• सगळीकडे विखुरलेला: छर्रे, घाण बॅरल, सैल स्क्रू किंवा थकलेला नेमबाज.

रायफल उजवीकडे कलली तर छर्रा उजवीकडे आणि थोडा खाली जातो. कल दर शॉटला बदलत असेल, तर ग्रुप तिरका पसरलेला दिसतो.

पहिल्या प्रकाराचं गाजलेलं उदाहरण २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकचं. अंतिम फेरीआधीच्या सराव शॉटमध्ये अभिनव बिंद्राचा छर्रा चक्क चारच्या रिंगमध्ये गेला. साइट हलली असल्याचं त्याने नंतर सांगितलं. त्याने साइट दुरुस्त केली आणि सुवर्णपदक जिंकलं. साइट फिरवणं चुकीचं नाही. ग्रुप तसं सांगत असेल तरच फिरवा, एवढंच.

पायरी २: दोष रायफलचा की आपला?

रायफल टेबलावर सॅंडबॅगवर टेकवा आणि तेच छर्रे वापरून ५ शॉट मारा. मॅच रायफलसोबत कारखान्यातलं टेस्ट कार्ड मिळालं असेल, तर त्याच्याशी तुलना करा. चांगल्या रायफलची पाचही छिद्रं जवळजवळ एकच होतात. इथे ग्रुप घट्ट आणि उभं राहिल्यावर विखुरलेला, तर पाना-स्क्रूड्रायव्हर परत पेटीत ठेवा. काम कोचसोबत आहे.

नैसर्गिक नेम असा तपासा: टार्गेटवर नेम धरा, डोळे मिटा, एक-दोन श्वास घ्या, उघडा. नेम बाजूला गेला असेल, तर हाताने ओढून आणू नका, पाय थोडे फिरवा.

पायरी ३: रायफलमध्ये काय बघायचं?

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि सेफ्टी फ्लॅग लावा. हे प्रत्येक वेळी.

स्क्रू: बॅरल-अ‍ॅक्शन स्टॉकला धरणारे स्क्रू आणि साइटचे क्लॅम्प. गर्दीच्या लोकलमध्ये केसला बसणारे धक्के इथे दिसतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा, अंदाजाने नाही.

छर्रे: डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, हा फरक बॅरलला कळतो. टेकवलेल्या रायफलवर चार-पाच प्रकार तपासा. एक जमला की त्याच लॉटचे डबे साठवा. वाकलेल्या कडेचा छर्रा सरावालाही नको.

हवा: छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो. वेग १६० झाला, तर तो सुमारे २ मिमी खाली लागतो. शॉट हळूहळू खाली सरकत असतील तर आधी सिलिंडरचा दाब बघा. भरलेल्या सिलिंडरवरही वेग वर-खाली होत असेल, तर रेग्युलेटरचा संशय घ्या. क्रोनोग्राफवर १० शॉट मारले की उत्तर मिळतं.

बॅरल: निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. साफसफाईनंतरचे पहिले काही शॉट मोजू नका, बॅरल बसायला वेळ घेतं.

पावसाळ्यातली काळजी

जून ते सप्टेंबर मुंबईची हवा ओली असते. हातपंपाने सिलिंडर भरलात तर ती आर्द्रता आत जाते, त्यामुळे ड्रायर-फिल्टर असलेला स्रोत बरा. केसमधला फोम पाणी धरून ठेवतो. घरी आल्यावर रायफल बाहेर काढा, बाहेरचं स्टील कोरड्या कापडाने पुसा, केस उघडी ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या बदला. एसीतून बाहेर आल्यावर साइटवर बाष्प धरतं, म्हणून रेंजवर पोहोचून १५-२० मिनिटं थांबा.

एक इशारा: गंजाच्या भीतीने हवेच्या मार्गात शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० सोडू नका. जास्त दाबाच्या हवेत पेट्रोलियम तेल पेट घेऊ शकतं.

घरी काय करू नये?

रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि ट्रिगरच्या आतले भाग उघडू नका. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर तो वापरूच नका, नेम सुधारण्यापेक्षा जीव मोठा. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये १० मीटर मिळणं कठीण, तिथे छर्रा न भरता भिंतीवरच्या ठिपक्यावर ड्राय-फायर करा. त्यासाठी रायफलमध्ये ड्राय-फायरची सोय आहे का, ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

शेवटी एक वही

तारीख, छर्र्याचा लॉट, सिलिंडरचा दाब, साइटचे किती क्लिक कुठे, आणि ग्रुपचा फोटो: एवढं दर सरावाला लिहा. महिन्याभरात दिसेल की आठ नेमके कधी पडतात. दाब कमी असताना? नवा डबा उघडल्यावर? की दिवसभराच्या ऑफिसनंतर? वहीने तिसरं कारण दाखवलं, तर दुरुस्ती फुकट आहे: सराव सकाळी करा.