तळटीप १४ : राल्फ ब्राउनची यादी

१४. डॉसच्या पीसीवरील इंटरप्टची, म्हणजे प्रोग्रामने डॉस वा बायॉसकडून काम करून घेण्यासाठी द्यायच्या हाकांची, मोफत वाटली जाणारी सूची. अधिकृत पुस्तिकांनी गाळलेल्या हाकाही ठिकठिकाणच्या प्रोग्रामरांनी शोधून ब्राउन यांना कळवल्या. उदाहरणार्थ, इंटरप्ट २१एच, फंक्शन ३४एच. डॉसला एका वेळी एकच काम झेपे. मध्येच दुसरी हाक गेली तर यंत्र अडकून पडण्याची भीती. हे फंक्शन ‘इनडॉस’ नावाच्या बाइटचा मेमरीतला पत्ता देई. तो बाइट शून्य असेल तर डॉस मोकळा. मेमरीत दबा धरून बसणारे, कळ दाबताच पडद्यावर येणारे प्रोग्राम याचाच आधार घेत. मात्र कमांड प्रॉम्प्टवर डॉस नुसता टंकनाची वाट पाहत असला, तरी हा बाइट शून्य नसतो. तेव्हा इंटरप्ट २८एचची जोड लागे. ‘अनडॉक्युमेंटेड डॉस’ (१९९०) या पुस्तकाच्या लेखकांतही ब्राउन होते. यादीची ६१वी आवृत्ती २००० साली निघाली. जुना डॉस प्रोग्राम दुरुस्त करायला घेणाऱ्याने आजही आधी तीच चाळावी. — संपा.