क्रॅब स्पंदकाचे उच्च-ऊर्जा प्रारण

क्रॅब स्पंदक हा वृषभ तारकासमूहातील क्रॅब तेजोमेघाच्या केंद्रस्थानी असलेला तरुण न्यूट्रॉन तारा आहे. इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या अतिनवताऱ्याच्या स्फोटातून तो निर्माण झाला. त्याचा शोध १९६८ मध्ये लागला. रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत त्याची स्पंदने आढळतात. त्यामुळे स्पंदकाभोवती उच्च-ऊर्जा प्रारण नेमके कोठे निर्माण होते, हे सांगणाऱ्या सैद्धान्तिक प्रारूपांसाठी हा तारा महत्त्वाची कसोटी ठरला आहे.

ऊर्जेचा स्रोत

हा तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा परिवलनकाल दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. या मंदावण्यातून दर सेकंदाला मुक्त होणारी ऊर्जा सूर्याच्या ऊर्जेच्या एक लाख पटींहून अधिक आहे. फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रबळ विद्युत क्षेत्र निर्माण होते. मात्र ताऱ्याभोवतीचा आयनद्रायू हे क्षेत्र बहुतांशी झाकून टाकतो, असे गोल्डराइख व ज्युलियन यांनी १९६९ मध्ये दाखवले. म्हणून आयनद्रायू अपुरा असलेल्या पोकळ्यांतच कण त्वरित होतात, असे पारंपरिक प्रारूपे मानतात.

प्रमुख प्रारूपे

* ध्रुवीय टोपी प्रारूप : प्रारण चुंबकीय ध्रुवांजवळ, पृष्ठभागालगत निर्माण होते. तेथील तीव्र चुंबकीय क्षेत्रात गॅमा किरणांचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांत रूपांतर होते. त्यामुळे काही गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे वर्णपट एकाएकी तुटावा, असे हे प्रारूप सांगते.
* बाह्य पोकळी प्रारूप : चेंग, हो व रुडरमन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या या प्रारूपात प्रारणाचा उगम प्रकाश-दंडगोलाजवळ असतो. ताऱ्याबरोबर फिरण्यासाठी जेथे प्रकाशाचा वेग लागेल, ती ही सीमा होय. क्रॅब स्पंदकासाठी ती सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. तेथे चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्याने वर्णपट हळूहळू उतरतो.

निरीक्षणांची कसोटी

कॅनरी बेटांवरील मॅजिक दुर्बिणीने २००८ मध्ये २५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरची स्पंदने टिपली. २०११ मध्ये ॲरिझोनातील व्हेरिटास दुर्बिणींना ती १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्याही वर आढळली, तर २०१६ मध्ये मॅजिक गटाने १.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतची स्पंदने जाहीर केली. एवढी ऊर्जा असलेले किरण पृष्ठभागाजवळून बाहेर पडू शकत नाहीत. त्यामुळे ध्रुवीय टोपी प्रारूप या प्रारणासाठी अमान्य ठरले. बाह्य पोकळीतील वक्रता प्रारणही यासाठी अपुरे पडते. म्हणून वेगवान कणांच्या आघाताने कमी ऊर्जेच्या फोटॉनांची ऊर्जा वाढते, म्हणजेच व्यस्त कॉम्प्टन प्रकीर्णन होते, असे मानले जाते. अलीकडील संगणकीय सादृश्यीकरणांत प्रकाश-दंडगोलाबाहेरील विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा हे प्रारणाचे संभाव्य उगमस्थान म्हणून पुढे आले आहे.

भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने या स्पंदकाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले. मुख्य स्पंदनांच्या दरम्यानच्या काळातही ते बदलते, हा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रचलित प्रारूपांपुढील आव्हान ठरला.