जोंगाचं जेट आणि ॲव्हरेजचा हट्ट

जबलपूरला पोस्टिंग असली की मेसमध्ये जोंगाचा विषय निघतोच. गाडीचं नावच मुळी या गावावरून पडलं: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. मूळ गाडी निस्सानची पी-६०. इथल्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून १९९९ पर्यंत ती बनत होती. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसी, पेट्रोल. चढावर गडी हटायचा नाही, पण टाकी डोळ्यांदेखत रिकामी व्हायची.

ती आपल्याकडे आली तेव्हा पेट्रोल स्वस्त होतं. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि तीन डॉलरच्या आसपासचं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकराच्या पुढे गेलं. पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते याच काळात, नोव्हेंबर १९७३ मध्ये. तेव्हापासून ‘ॲव्हरेज काय देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न झाला, आणि कार्बोरेटर उघडला की जेट बारीक करा, हे त्यावरचं गल्लोगल्लीचं उत्तर.

मेन जेट म्हणजे भोक असलेला पितळी स्क्रू. सोलेक्ससारख्या कार्बोरेटरमध्ये त्यावर १२० लिहिलेलं असेल तर भोक १.२० मिलिमीटर. १२० काढून ११५ बसवलं की भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्के घटतं. पण सपाटीवर, जिथे मूळ जेट बरोबर आहे, तिथे मिश्रण फार पातळ झालं की इंजिन झटके देतं, तापतं आणि एक्झॉस्ट वाल्व्ह जळतात. वाचवलेलं पेट्रोल मिस्त्रीच्या बिलात जातं.

लडाखची गोष्ट वेगळी. लेह ३,५०० मीटरवर. तिथली हवा सखल भागाच्या साधारण ७० टक्के घनतेची. तेच जेट ठेवलं तर मिश्रण जवळपास एक-पंचमांश गडद होतं: काळा धूर, काजळलेले प्लग, आणि झोजिला ओलांडून कॉन्व्हॉयनं आणलेलं पेट्रोल वाया. हिशोबानं तिथे १२० च्या जागी ११० लागतं. ही कंजुषी नव्हे, दुरुस्ती आहे. मी सबाल्टर्न असताना वर्कशॉपमधले एक हवालदार मेकॅनिक जेट बदललेल्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगला चिठ्ठी बांधत. गाडी खाली पठाणकोटला उतरली आणि जेट तेच राहिलं, तर इंजिन गेलंच म्हणून समजा. लॉगबुक कुणी वाचत नाही, चिठ्ठी हाताला लागते, असं त्यांचं म्हणणं.

लिलावातून जोंगा घेतलेले निवृत्त मित्र अजून जेटबद्दल विचारतात. (बहुतेकांनी कंटाळून डिझेल इंजिन टाकलंय, तो भाग वेगळा.) सर, आधी एअर फिल्टर, चोक पूर्ण उघडतो का ते, फ्लोटची पातळी आणि टायमिंग बघा. जुन्या जेटमध्ये कुणी तार घालून भोक मोठं केलेलं असतं, ते फेकून मूळ नंबरचं नवं बसवा. त्यातूनही कमी करायचंच असेल तर एका वेळी एकच नंबर. मग वीस-पंचवीस किलोमीटर चालवून प्लग काढा. बिस्किटी रंग असेल तर ठीक. पांढरा दिसला तर त्याच दिवशी जुनं जेट परत लावा.