वाळवा तालुका : सुबत्ता आणि तिचे मोल

जुन्या सातारा जिल्ह्याच्या इतिहासात वाळवा तालुक्याचे नाव वारंवार येते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये तो सांगली म्हणून ओळखला जाऊ लागला. तालुक्याचे ठाणे मात्र इस्लामपूरच राहिले. २०२५ साली शासनाने या शहराला ‘ईश्वरपूर’ नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या साडेचार लाखांच्या घरात होती.

कृष्णा व वारणा या नद्यांनी पोसलेला हा मुलूख. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ नंतर याच परिसरात गाजले. स्वातंत्र्योत्तर काळात राजारामबापू पाटील व नागनाथअण्णा नायकवडी यांनी सहकाराची कास धरली. साखराळे आणि वाळवा येथे साखर कारखाने उभे राहिले. उपसा सिंचनाने माळ भिजले, कौलारू घरांवर स्लॅब चढले, शेतकऱ्यांची मुले इंजिनिअर झाली.

या सुबत्तेचे मोलही द्यावे लागले. उसाला अतोनात पाणी दिले गेले, निचरा झाला नाही आणि काळ्या रानातून मीठ फुटले. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी नदीकाठचे संसार उघड्यावर आणले. शिवाय दर हंगामात बीडकडून येणारी ऊसतोड कुटुंबे आजही खोपीत राहतात. कोयत्यामागे त्यांच्या मुलांची शाळा सुटते.

प्रतिसरकारने गरिबाला गावातच न्याय मिळवून दिला होता. तो वारसा सांगणाऱ्या तालुक्याचे राहणीमान मोजताना या खोप्याही मोजल्या पाहिजेत.