हळद्या आणि परभणी क्रांती

चिकलठाण्यात आता शेत शोधावं लागतं. एमआयडीसी, विमानतळ आणि जालना रोडवरचा ट्रॅफिक, एवढंच दिसतं. तरी संध्याकाळी हातगाडीवर भेंडी असतेच आणि शेंडा मोडून पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी ती घेत नाही. या भेंडीच्या हिरवेपणाला एक इतिहास आहे. त्यातला बराचसा याच रस्त्याने पुढे गेलं की जालना आणि परभणीत घडला.

भेंडीचा जुना वैरी म्हणजे हळद्या. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, शेवटी शेंगाही पिवळट आणि निबर. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. झाडाला एकदा लागला की औषध नाही. मुंबई इलाख्यात त्याची नोंद १९२४ सालची आहे.

दिल्लीच्या पुसा संस्थेत हरभजन सिंग यांना बंगालकडची एक भेंडी सापडली. विषाणू अंगात असूनही ती पिवळी पडत नव्हती. तिच्या संकरातून 'पुसा सावनी' आली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी याच वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिको उभी केली. पण 'सहनशील' म्हणजे रोगमुक्त नव्हे. विषाणू झाडात राहतोच, माशी तो पुढे नेतेच. काही वर्षांत पुसा सावनीही शेताशेतांत पिवळी पडू लागली.

मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका लांबच्या नातलग प्रजातीशी पुसा सावनीचा संकर केला. अशा संकराला बी धड धरत नाही. जे थोडं मिळालं, त्याचा पुन्हा पुसा सावनीशी संकर, पुन्हा निवड, पिढ्यान्‌पिढ्या हेच. मला या गोष्टीतला हा कंटाळवाणा भागच सगळ्यात भारी वाटतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'परभणी क्रांती' शेतात आली. हा संकरित वाण नव्हता, सरळ वाण होता. शेतकरी चार शेंगा झाडावरच वाळवून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरू शकत होता.

पुढे विषाणूही बदलला आणि बऱ्याच ठिकाणी क्रांतीलाही हळद्या लागला. आता बहुतेक शेतकरी संकरित बियाण्याचं पाकीट दर हंगामाला नव्याने विकत घेतात. त्यावर छापलेला शब्द मात्र जुनाच असतो: सहनशील.