डिओडोरंटची डबी : काचेतून प्लॅस्टिकमध्ये, आणि परत

"डॉक्टर, प्लॅस्टिक नको म्हणून मी रिफिलवालं नॅचरल डिओडोरंट घेतलं, आणि काखेत ही आग! नॅचरल असून असं कसं?" हा प्रश्न हल्ली मला बरेचदा ऐकू येतो. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो फार मजेशीर आहे.

तुम्हाला वाटत असेल की डिओडोरंट आणि प्लॅस्टिक ही जन्मापासूनची जोडी आहे. तसं मुळीच नाही. बाजारात विकलं गेलेलं पहिलं डिओडोरंट म्हणजे १८८८ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात निघालेलं 'मम'. जस्ताचं संयुग असलेलं हे मेणचट मलम छोट्या डबीतून मिळायचं आणि बोटाने काखेत लावायचं. आज 'नवीन' म्हणून विकलं जाणारं डबीतलं क्रीम मला तरी त्याचंच नातवंड वाटतं.

१९०३ मध्ये 'एव्हरड्राय' आलं. त्यात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड होतं. फरक लक्षात घ्या : डिओडोरंट वास कमी करतं, तर अँटिपर्स्पिरंट अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराने घर्मनलिकेच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवून घामच कमी करतं.

मग आली एडना मर्फी, सिनसिनाटीची शाळकरी मुलगी. तिचे वडील सर्जन. शस्त्रक्रियेच्या वेळी हातांना घाम येऊ नये म्हणून त्यांनी एक द्रावण तयार केलं होतं. मुलीने ते काखेत लावून पाहिलं आणि आजोबांकडून १५० डॉलर उसने घेऊन धंदा सुरू केला. नाव ठेवलं 'ओडोरोनो', म्हणजे 'वास? अगंबाई, नको!' अशा थाटाचं. द्रावण लाल आणि आम्लधर्मी होतं. कपड्यांवर डाग पडायचे, कातडीची आग व्हायची. म्हणजे काखेच्या पुरळाची तक्रारही शंभर वर्षं जुनीच!

पण खरा बदल औषधाने नाही, जाहिरातीने घडवला. १९१९ मध्ये जेम्स वेब यंग या जाहिरात-लेखकाने 'लेडीज होम जर्नल'मध्ये स्त्रियांना सुचवलं की तुमच्या काखेला वास येत असेल, तुम्हाला तो कळत नसेल आणि लोक तोंडावर सांगणार नाहीत. सुमारे २०० वाचकांनी चिडून मासिक बंद केलं. विक्री मात्र वर्षभरात ११२ टक्क्यांनी वाढून ४,१७,००० डॉलरवर गेली. आजही तपासणीत ज्यांना मला कसलाच वास येत नाही, अशा कॉलेजच्या मुली खाली मान घालून "मला फार वास येतो" म्हणतात, तेव्हा मला ही जाहिरात आठवते.

प्लॅस्टिक आलं ते त्यानंतर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाबून फवारायची 'स्टॉपेट'ची बाटली, १९५० च्या दशकात बॉलपेनवरून सुचलेलं रोल-ऑन, पुढे एरोसोलचे डबे. रोल-ऑनची बाटली, गोळी, झाकण सगळं एकदा संपलं की कचऱ्यात. म्हणून एकच डबी पुन्हा पुन्हा भरून वापरायची इच्छा मला रास्त वाटते.

आता तुमची काख. घामाला मुळात जवळजवळ वास नसतो. वयात आल्यावर काखेतल्या खास ग्रंथी जो दाटसर स्राव सोडतात, तो त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि वास तयार होतो. बऱ्याच नॅचरल डिओडोरंटमध्ये खायचा सोडा असतो. तो अल्कधर्मी, आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून आग. सुगंधी तेलांचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते.

"सुरुवातीला पुरळ येतं, ते शरीरातलं विष बाहेर पडतंय" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काखेतून विषं बाहेर पडत नाहीत, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कर्करोग होतो यालाही ठोस पुरावा नाही. तेव्हा बदल करायचा तर कचरा कमी व्हावा म्हणून करा, भीतीपोटी नको. आणि एक गंमत : 'अ‍ॅल्युमिनियमरहित' म्हणून खपवला जाणारा स्फटिक बहुधा आपली तुरटीच असते, आणि तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे! न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात तीच. ओल्या काखेत ती फिरवली तर जिवाणूंना थोडा आळा बसतो, आणि प्लॅस्टिकही लागत नाही.

नवीन काही घेतलंत तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं रोज लावून आठवडाभर पाहा. काख नुकतीच शेव्ह केली असेल तर त्या दिवशी लावू नका. पुरळ आलं तर लावणं लगेच थांबवा. आठवड्याभरात बरं झालं नाही, गाठ आली, किंवा रात्री झोपेत अंगरखा भिजेल एवढा घाम येऊ लागला, तर डबी बदलत बसू नका, तपासायला या.